दोरा कोणी घालायचा?

घट बसण्यापूर्वी घरातली सगळी अंथरुणे-पांघरुणे धुऊन काढायची, हा आमच्याकडचा जुना रिवाज. लहानपणी त्या आठवड्यात सारा गाव नदीवर लोटलेला असे. काठावरच्या खडकांवर गोधड्या वाळत पडत, आणि कोणाच्या घरी कोणते लुगडे फाटले याचा वर्षभराचा हिशेब त्या खडकांवर उघडा होई. आता नदी राहिली दूर. आम्ही शहरात चौथ्या मजल्यावर राहतो आणि गच्चीवरच्या दोरीसाठी शेजाऱ्यांशी गोडीगुलाबीने भांडतो. पण रिवाज सुटलेला नाही.

यंदा त्या आवराआवरीत माळ्यावरची आत्याची पत्र्याची ट्रंक खाली काढली. आत्या जाऊन वीस वर्षे झाली. ट्रंकेत फारसे काही नव्हते. पण तळाशी एका विरलेल्या पातळात गुंडाळून ठेवलेली एक घडी निघाली. उलगडली, तो गोधडीचा वरचा पदर! नुसता वरचा. खाली अस्तर नाही, मध्ये भर नाही, दोरा नाही. खणांचे तुकडे एकाला एक जोडलेले: हिरवे, डाळिंबी, जांभळे, मधूनच चंद्रकळेची एखादी काळी पट्टी. चोळ्या बेतून उरलेले कोपरे, कोणाच्या ओटीतले, कोणाच्या डोहाळजेवणातले. मागून पाहिले तर एकेक शिवण मुंगीच्या रांगेसारखी.

मी आईला विचारले, "आत्यानं ही पुरी का केली नाही?" आई जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अगं, तुकडे फुकट मिळतात. अस्तर आणि कापूस मागावा लागतो." आत्या विसाव्या वर्षी विधवा होऊन भावाच्या घरी आली होती. तिला कोणी कमी केले नाही, पण तिने कधी काही मागितलेही नाही. आईच्या त्या एका वाक्याने मला जो धक्का बसला, त्यातूनच हा लेख लिहिला जात आहे.

कारण तेव्हापासून मी ज्याला त्याला विचारीत सुटले, की गोधडीचा वरचा पदर तयार असला, तर ती पुरी करण्याचा स्वस्त मार्ग कोणता? आणि मला हळूहळू उमगले, की हा प्रश्न आत्याचा एकटीचा नव्हता. जगात जिथे जिथे बायकांनी तुकडे जोडले, तिथे तिथे त्यांना तो पडला आहे, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांनी त्याला आपापले उत्तर शोधले आहे.

आधी आपल्या घरचे पाहू. चिंध्यांच्या पांघरुणाला संस्कृतात कंथा म्हणतात, आणि भर्तृहरीच्या वैराग्यशतकातही ती आहे. विरक्ताची ती खूण. अगदी अलीकडच्या काळात गाडगेबाबांना लोक गोधडेबुवा म्हणत, ते त्यांच्या अंगावरच्या ठिगळांच्या वस्त्रावरून. म्हणजे ज्याने संसार सोडला त्याच्या अंगावर ती, आणि जिला संसार सुटत नाही तिच्याही अंगावर तीच! कुठे तिला गोधडी म्हणतात, कुठे वाकळ. तान्ह्यासाठी केले की दुपटे.

आपल्याकडच्या बायकांनी खर्चाचा प्रश्न सोडवला तो कापूस वगळून. एक नऊवारी लुगडे घ्या. त्याचे सारखे चार तुकडे केले की प्रत्येक सव्वादोन वार लांबीचा होतो. दोन तुकडे शेजारी शेजारी जोडले की झाली वरची बाजू, उरलेल्या दोघांची झाली खालची. आत भर म्हणून आणखी दोन-तीन फाटकी लुगडी, धोतरे, पोरांचे विटलेले सदरे. विकत आणायचे ते फक्त दोऱ्याचे रीळ. बंगाली बायका तर तेवढेही आणीत नसत. जुन्या साडीच्या काठातले रंगीत धागे उसवून त्यांनीच त्या कांथा शिवीत. ज्या कांथेला आज संग्रहालयांत काचेआड जागा मिळते, तिचा रंगीबेरंगी दोरा असा काटकसरीतून आलेला आहे.

ज्याच्या घरी चार पैसे असत तो पिंजाऱ्याला बोलावी. थंडीच्या तोंडाशी गल्लीतून येणारा त्याच्या धनुकलीचा तो टणत्कार ज्यांनी ऐकला असेल, त्यांच्या कानात तो अजून असेल. गादीतला दबून गठ्ठा झालेला जुना कापूस तो पिंजून असा फुलवून देई, की नवा घ्यायला नको. हाही एक स्वस्ताईचाच मार्ग. पण पिंजाऱ्यालाही मजुरी द्यावी लागे, आणि ती मागायची कोणाकडे, तर घरच्या पुरुषाकडे. आत्याचा धागा तुटला तो इथे.

आपल्या शेजारीच आणखी एक तऱ्हा आहे. कर्नाटकात हल्याळ-यल्लापूरच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात. पोर्तुगिजांनी आफ्रिकेतून गुलाम म्हणून गोव्यात आणलेल्यांचे पुष्कळ वंशज त्यांच्यात आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात कोकणी अजून टिकून आहे. त्यांच्या गोधडीला कवंदी म्हणतात. तिची मौज अशी, की तिला वरचा पदर वेगळा असा नसतोच. बाई एका कोपऱ्यापासून तुकडे ठेवीत आणि लगेच धावदोरा घालीत कडेकडेने फिरत जाते, आणि शिवण गोल गोल मध्याकडे येऊन संपते. जोडणे आणि दोरा घालणे एकाच वेळी! म्हणजे अर्धवट राहून ट्रंकेत जायची भीतीच नाही. शेवटी चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या तुकड्यांचे त्रिकोण बसवतात, त्यांना फुला म्हणतात. फुला नसतील तर कवंदी उघडी दिसते, असे त्या मानतात. गरिबीतही शेवटचा तो दागिना त्यांनी सोडलेला नाही.

आता जरा दूर जाऊ. इंग्लंडच्या उत्तरेला नॉर्दंबरलंड आणि डरहॅम हे कोळशा-शिशाच्या खाणींचे मुलूख. थंडी कडाक्याची, म्हणून पांघरुणांची गरजही मोठी. तिथल्या रजयांवर दोऱ्याने पाने, फुले, पिसे, दोरखंड अशी नक्षी उमटवीत. पण नक्षी काढणे सर्वांना कुठले जमायला? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अॅलनहेड्स या खेड्यात जॉर्ज गार्डिनर नावाचा एक कापडदुकानदार होता. तो रजईच्या वरच्या कापडावर निळ्या पेन्सिलीने सगळी नक्षी रेखून देई. त्याच्या हाताखाली शिकलेली एलिझाबेथ सँडरसन पुढे या कामात त्याच्याहूनही नावाजली. लांबलांबच्या बायका आपली कापडे तिच्याकडे धाडीत, ती रेखून परत पाठवी, आणि मग घरी बसून रेघेरेघेवरून दोरा घालायचा. कठीण भाग तेवढा जाणत्या हाताकडून विकत घ्यायचा आणि बाकीचे कष्ट घरचे, अशी ही वाटणी.

पण याच मुलखातली दुसरी रीत मला अधिक जवळची वाटली. खाणीत अपघात होई. नवरा जाई किंवा अपंग होऊन घरी बसे. मग ती बाई रजयांचा क्लब काढी. शेजारपाजारच्या बायका सभासद होत आणि दर आठवड्याला एखादा शिलिंग तिच्या हातावर ठेवीत. चिठ्ठ्या टाकून नंबर लावीत, आणि जिचा नंबर येई तिची रजई ती बाई शिवून देई. वाचता वाचता माझ्या तोंडून निघून गेले, "अगं बाई, ही तर भिशी!" आपल्या भिशीत आणि त्यात फरक एवढाच, की तिथे दर फेरीला पैशांऐवजी ऊब मिळे. सभासदांना एकरकमी पैसे मोजावे लागत नसत, आणि शिवणारीला भीक मागावी लागत नसे.

मात्र हेही सांगितले पाहिजे, की कापड आणि कापसाचे पैसे वजा जाता त्या बाईच्या हाती फार थोडे उरे. घेणारीला जे स्वस्त पडले, त्याची उरलेली किंमत शिवणारीने डोळ्यांनी आणि बोटांनी भरली. स्वस्ताईचा हिशेब करताना आपण ही दुसरी बाजू बहुधा लिहीतच नाही.

वेल्समध्ये शिवणाऱ्या बाया शेतावरून शेतावर फिरत. एका घरी मुक्काम करायचा, त्या घरच्या रजया पुऱ्या करायच्या, जेवणखाण तिथेच, वर रोजाची मजुरी. आपल्याकडे लग्नघरी शिंपी ओसरीवर येऊन बसे, तसेच हे. पुढे पहिल्या महायुद्धानंतर खाणी बसल्या, घरोघर बेकारी आली. तेव्हा १९२८ मध्ये ग्रामोद्योगांसाठी असलेल्या एका सरकारी संस्थेने वेल्स आणि डरहॅममधल्या या बायकांचे काम हाती घेतले. चांगले कापड पुरवले, गिऱ्हाईक शोधून दिले. लंडनच्या क्लॅरिजेस या अतिश्रीमंत हॉटेलातल्या पलंगांवर खाणकामगारांच्या बायकांनी शिवलेल्या रजया गेल्या. ज्या हातांना घरच्या थंडीसाठी नवे कापड परवडत नव्हते, त्यांनी सरदार-उमरावांची थंडी भागवली. १९३९ चे युद्ध आले आणि तो उद्योग थांबला.

अमेरिकेचे उत्तर वेगळे. तिथे एकोणिसाव्या शतकात तुकड्यांच्या रजईचे वेड पसरले. हिवाळाभर बाई दिव्याशी बसून तुकडे जोडी, कारण ते काम मांडीवर मावते. पण तीन थर ताणून दोरा घालायला मोठी लाकडी चौकट लागते. छोट्या घरात ती चौकट छताला टांगून ठेवीत. रात्री वर ओढून घ्यायची आणि खाली बिछाने घालायचे. एकटीने दोरा घालायचा तर महिने जात. म्हणून शेजारणींना बोलावणे धाडीत. आठ-दहा जणी चौकटीच्या चारी बाजूंनी बसत, दिवसभरात काम उरकत, आणि घरधनीण त्यांना पोटभर जेवू घाली. मजुरी नाही, आज माझ्याकडे, उद्या तुझ्याकडे.

आमच्या गावी इर्जिक होत असे. ज्याचे शेत नांगरायचे राहिले त्याच्याकडे साऱ्यांनी बैल घेऊन जायचे आणि संध्याकाळी त्याने सर्वांना जेवण घालायचे. अमेरिकेतली ती रजयांची इर्जिकच म्हणा. माणसाला एकट्याने पेलत नाही ते काम कसे उचलावे, हे शेतकऱ्याला आणि शिवणारीला कोणी शिकवावे लागले नाही.

ज्यांना शेजार नव्हता त्यांच्यासाठी चर्चमधल्या स्त्रियांची मंडळे होती. आपला जोडलेला पदर त्यांना नेऊन द्यायचा. त्या मिळून दोरा घालीत आणि आलेला पैसा चर्चच्या कामाला जाई. मजुरी कशी ठरवीत? दोरा किती लागला त्यावर! जितकी रिळे, तितके पैसे. दाट हवे तर महाग, विरळ चालत असेल तर स्वस्त. आणि ज्यांना तेही परवडत नसे ते दोरा न घालता वितीवितीवर नुसत्या गाठी मारून तीन थर एकत्र धरीत. ऊब तितकीच, देखणेपण थोडे कमी. १९३० नंतरच्या मंदीत तर पीठ आणि कोंबड्यांचे खाद्य ज्या पोत्यांतून येई, त्या पोत्यांची फुलाफुलांची कापडे धुऊन त्यांची रजई होई. गिरणीवाल्यांनीही हे ओळखून पोत्यांवर मुद्दाम सुंदर फुले छापायला सुरुवात केली.

याच मंदीतली एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. १९३३ साली शिकागोला मोठे जागतिक प्रदर्शन भरले. त्या निमित्ताने सिअर्स या प्रसिद्ध कंपनीने रजयांची राष्ट्रीय स्पर्धा लावली. पहिले बक्षीस हजार डॉलर. त्या काळात ही रक्कम म्हणजे वर्षभराचा संसार! सुमारे चोवीस हजार रजया आल्या. पहिला नंबर केंटकी राज्यातल्या एका बाईंच्या रजईला मिळाला, आणि ती रजई राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनोर रूझवेल्ट यांना भेट म्हणून गेली. पुढे कित्येक वर्षांनी संशोधकांनी खोदून काढले, तेव्हा कळले की बक्षीस घेणाऱ्या बाईंनी त्या रजईत एक टाकाही घातला नव्हता. तुकडे जोडले दुसऱ्यांनी, बारीक दोरा घातला दुसऱ्यांनी. त्यांना ठरलेली तुटपुंजी मजुरी मिळाली. बक्षिसातले काही मिळाले नाही, नावही नाही. आणि त्या गप्प राहिल्या, कारण मंदीचे दिवस होते, पुढचे काम जाईल अशी धास्ती होती. ती रजई तर कुठे गेली याचाही नंतर पत्ता लागला नाही.

याच्या उलट टोकाची गोष्ट अलाबामा राज्यातली. नदीच्या वळणात अडकलेली गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची एक गरीब वस्ती. तिथल्या बायका शेतात घालून फाटलेल्या विजारी आणि सदरे फाडून रजया करीत. मतदार म्हणून नाव नोंदवायला लोक नदी ओलांडू लागले, तेव्हा १९६२ च्या सुमारास तिथली नावच बंद झाली. ती पुन्हा सुरू व्हायला २००६ उजाडले. पण १९६६ मध्ये त्या भागातल्या बायकांनी एकत्र येऊन रजयांची सहकारी संस्था काढली. तिचे नावच 'फ्रीडम क्विल्टिंग बी'. त्यांच्या रजया न्यूयॉर्कला लिलावात विकल्या गेल्या, मोठ्या दुकानांची कामे मिळू लागली. मतदार झाल्याच्या रागातून ज्यांना घराबाहेर काढले होते, अशा काही कुटुंबांना या संस्थेने आपल्या जमिनीतले तुकडे विकून आसरा दिला. संस्था २०१२ मध्ये बंद झाली, पण त्याआधीच, २००२ पासून, गीज बेंडच्या रजया अमेरिकेतल्या नामांकित संग्रहालयांच्या भिंतींवर लागल्या होत्या, आणि प्रत्येकीखाली शिवणारीचे नाव होते.

एवढे सगळे वाचून झाल्यावर मी पुन्हा आत्याच्या घडीकडे वळले. प्रथम गेले ती यंत्रावर रजया शिवून देणाऱ्या एका दुकानात. दुकानदार भला माणूस. त्याने कापड उजेडात धरून पाहिले आणि म्हणाला, "ताई, एका दिवसात करून देईन, पैसेही कमी लागतील. पण हे खण जुने आहेत. यंत्राचा जोर त्यांना सोसायचा नाही. फाटले तर मला बोलू नका."

मग कोणीतरी आमच्या मागच्या वस्तीतल्या गोधडीवाल्या मावशींचे नाव सांगितले. मावशी आल्या, भुईवर बसल्या, आत्याचा पदर मांडीवर घेतला आणि कितीतरी वेळ नुसता हात फिरवीत राहिल्या. मग विचारले, "दोरा किती बोटांवर घालू?"

मला कळेना. तेव्हा त्यांनी समजावले. दोऱ्याच्या दोन ओळींत चार बोटांचे अंतर ठेवले तर काम लवकर उरकते, पैसे कमी. दोन बोटांवर घातले तर दुप्पट. "आणि बोटाबोटावर घातला, तर नातवंडं पांघरतील. पण ते तुम्हाला महाग पडंल, बाई." अमेरिकेतल्या त्या मंडळांचा रिळांचा हिशेब माझ्यापुढे बोटांनी मोजला जात होता!

मी मनातल्या मनात महिन्याचे गणित करू लागले. त्यांच्या ते ध्यानात आले. म्हणाल्या, "एकदम नका देऊ. दर आठवड्याला थोडं थोडं द्या. मलाबी तसंच बरं पडतं." क्लबमधली ती खाणकामगाराची विधवा जणू समोर बसून बोलत होती. मी म्हटले, "बोटाबोटावर घाला."

अस्तराला मी माझीच एक जुनी सुती साडी दिली. आत भर म्हणून आईचे मऊ झालेले नऊवारी. दुपारी मावशी आमच्याच ओसरीवजा गॅलरीत बसत. दोन दिवस मी नुसते पाहिले, तिसऱ्या दिवशी सुई घेऊन पलीकडच्या कडेला बसले. माझी ओळ नागमोडी गेली. मावशींनी काही न बोलता ती उसवली आणि सुई परत माझ्या हातात दिली. दुसरी ओळ त्यांनी राहू दिली.

काम संपत आले तेव्हा मी म्हटले, "मावशी, मागच्या बाजूला आत्याचं नाव दोऱ्यानं घालू या. आणि त्याखाली तुमचं." मावशी हसल्या. "माझं कशाला? मी तर पैसे घेतले." मी त्यांना शिकागोच्या त्या रजईची गोष्ट सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली, काही वेळ दोरा ओवीत राहिल्या, आणि मग म्हणाल्या, "मला लिवता येत न्हाई. तुम्ही खडूनं काढून द्या, मी वरून दोरा घालते."

मी खडूने दोन्ही नावे काढून दिली. निळ्या पेन्सिलीची सँडरसनबाई मला त्या वेळी आठवली.

गोधडी पुरी झाली ती वसुबारसेच्या आदल्या दिवशी. आईने ती पायांवर घेतली. खणांवरून हात फिरवता फिरवता एकेक ओळखू लागली: हा माझ्या डोहाळजेवणातला, हा तुझ्या बारशाचा, ही चंद्रकळा सासूबाईंची. मग मध्येच थांबून म्हणाली, "तेव्हा मीच तिला अस्तर आणून द्यायला हवं होतं. माझ्या लक्षातच आलं नाही."

मी काही बोलले नाही. बोलण्यासारखे काय होते?

दिवाळीनंतर थंडी पडेल, आणि वाचकांपैकी पुष्कळजण माळ्यावरच्या ट्रंका उघडतील. तळाशी एखादी अशी घडी निघाली, तर ती तशीच परत ठेवू नका. भिशी करा, इर्जिक करा, गाठी मारा, चार बोटांवर का होईना दोरा घाला; आणि दुसऱ्या कोणाकडून घालून घेतलात, तर तिची मजुरी तिच्या बोटांकडे पाहून ठरवा. आणि घरात कोणी मुकाट्याने तुकडे जोडीत बसलेली दिसली, तर तिने मागण्याची वाट पाहू नका. अस्तर आपण होऊन आणून द्या.